चांगुलपणाला जामीन कोण?

कुणाची शिफारस करताना आपण एक वाक्य अगदी सहज बोलून जातो. "माणूस देवभीरू आहे, निर्धास्त राहा." घराची किल्ली द्यायची असो, आजारी माणसाजवळ रात्रभर कुणाला बसवायचं असो, की एखाद्या संस्थेचा हिशोब कुणाच्या हाती सोपवायचा असो, हे वाक्य ऐकलं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. त्या माणसाचा देव कोणता, तो त्याच्याकडून काय मागतो, हा माणूस आजवर किती शब्दांना जागला, हे कुणी विचारत नाही. वरून कुणीतरी बघतंय असं त्याला वाटतं, एवढं पुरतं. मी स्वतः देव मानत नाही. माझ्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं म्हणतात, "देव मानत नाही, पण माणूस चांगला आहे." त्यांच्या मनात काही वाईट नसतं. तरी त्या 'पण'पाशी मी दरवेळी थबकतो. तो कुठून येतो, आणि त्यात काही तथ्य आहे का, हे मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

हा 'पण' जगभर मोजलाही गेला आहे. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेनं २०१९ मध्ये ३४ देशांतल्या ३८ हजारांहून जास्त लोकांना विचारलं: नीतिमान असायला देवावर श्रद्धा असावीच लागते का? इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये शंभरातले ९६ जण 'हो' म्हणाले, केनियात ९५, भारतात ७९. अमेरिकेत ४४, जपानमध्ये ३९, फ्रान्समध्ये १५ आणि स्वीडनमध्ये अवघे ९. सगळ्या देशांचा मध्य काढला तर 'हो' म्हणणारे ४५ टक्के आणि 'नाही' म्हणणारे ५१ टक्के. म्हणजे नीतीचं मूळ कशात आहे या प्रश्नावर मानवजात जवळजवळ मधोमध दुभंगलेली आहे, आणि दोन्ही बाजूंना आपलंच उत्तर इतकं उघड वाटतं की दुसऱ्या बाजूला विचारायचं कुणाला सुचत नाही.

या आकड्यांचा सोपा अर्थ असा लावला जातो की शिक्षण वाढलं, पैसा आला, की माणसं देवाच्या आधाराशिवाय विचार करू लागतात. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं, आणि थोडं उर्मटही. केनियातल्या माणसाला विचार करता येत नाही आणि स्वीडनमधल्याला येतो, असा त्याचा सूर आहे. माझं मत वेगळं आहे. हा प्रश्न लोक तत्त्वज्ञानाचा म्हणून ऐकतच नाहीत. त्यांना तो भरवशाचा प्रश्न म्हणून ऐकू येतो: कुणी बघत नसताना हा माणूस कसा वागेल, आणि तो चुकला तर मला दाद कुठे मिळेल? जिथे कागदावरचा करार पाळला जातो, पोलीस तक्रार लिहून घेतात, म्हातारपणी निवृत्तिवेतन येतं, तिथे समोरचा माणूस काय मानतो याची चौकशी करायची गरज पडत नाही. जिथे यातलं काहीच हाताशी नसतं, तिथे माणूस जामीन मागतो, आणि देवासारखा जामीनदार दुसरा नाही. तो लाच घेत नाही, झोपत नाही, आणि त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. अशा ठिकाणी कुणी "श्रद्धा हवीच" म्हणालं तर मला त्यात अज्ञान दिसत नाही, अनुभव दिसतो. अमेरिका इतकी श्रीमंत असूनही तिथे ४४ टक्के का, याचं पूर्ण उत्तर मात्र या विचारातून मिळत नाही, हेही खरं.

हाच हिशोब सतराव्या शतकातल्या जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं मांडला होता. धार्मिक सहिष्णुतेवरच्या त्याच्या १६८९ च्या पत्रात तो वेगवेगळ्या पंथांना एकत्र नांदू द्या असं कळकळीनं सांगतो आणि शेवटाकडे येऊन नास्तिकांना वगळतो. वचन, करार आणि शपथ हे समाजाला बांधणारे दोर आहेत आणि देव न मानणाऱ्यावर त्यांची पकड राहत नाही, असा त्याचा मुद्दा. युरोपात सहिष्णुतेचा पाया घालणाऱ्या लेखनातच ही ओळ आहे. जवळपास त्याच वर्षांत पिएर बेल नावाचा एक फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासित हॉलंडमध्ये राहून नेमकं उलट लिहीत होता. १६८० साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला आणि लोक घाबरले. त्या भीतीबद्दल लिहितालिहिता बेल इथवर आला की निव्वळ नास्तिकांचा समाजही नीट चालू शकेल, कारण माणसं आपल्या तत्त्वांनुसार वागतच नाहीत. ती स्वभाव, सवय आणि लोकलाज यांच्या तंत्रानं वागतात. लॉकही त्या काळात राजकीय कारणांनी हॉलंडमध्येच आश्रयाला होता. परागंदा झालेली दोन माणसं, एकाच देशात, भरवशाच्या एकाच प्रश्नावर दोन टोकांना पोचली.

लॉकच्या तर्कातली गफलत दिसायला दोनशे वर्षं जावी लागली. १८८० साली चार्ल्स ब्रॅडलॉ इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनहून पार्लमेंटवर निवडून आला. तो उघड नास्तिक होता. शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करू द्या, असं त्यानं मागितलं. नकार मिळाला. मग, हरकत नाही, शपथ घेतो, असं तो म्हणाला. त्यालाही नकार, कारण ज्याचा देवावर विश्वास नाही त्याला देवाची शपथ बांधणार कशी? त्याला सभागृहातून बाहेर काढलं गेलं, एक रात्र तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्यात डांबलं गेलं, त्याची जागा रिकामी ठरवली गेली. मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं, पुन्हा, आणि पुन्हा. १८८६ मध्ये तो एकदाचा आसनावर बसला आणि १८८८ मध्ये, शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा देणारा कायदा त्याच्याच पुढाकारानं झाला. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत, त्यांची वंशावळ त्या भांडणापर्यंत जाते.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ब्रॅडलॉ खोटारडा असता तर त्याला काहीच त्रास झाला नसता. पहिल्याच दिवशी ओठ हलवून तो आत गेला असता. त्या सभागृहात मनातून काहीच न मानणारे आणखी कितीतरी सभासद बसलेले असणारच. बाहेर अडवला गेला तो एकटा, कारण त्यानं खरं सांगितलं होतं. सचोटी तपासण्यासाठी ठेवलेली चाचणी फक्त प्रामाणिक माणसाला पकडत होती. १८९१ मध्ये ब्रॅडलॉ गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला लंडनमध्ये शिकणारा एक हिंदू तरुण आवर्जून गेला होता. त्याचं नाव मोहनदास गांधी. आयुष्यभर रामनाम घेणाऱ्या त्या माणसाला एका नास्तिकाला निरोप द्यायला जावंसं वाटलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण लोकमत अजून ब्रॅडलॉला अडवणाऱ्यांच्या बाजूचं आहे, निदान मनाच्या तळाशी. २०१७ मध्ये १३ देशांतल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका माणसाचं वर्णन होतं: लहानपणी प्राण्यांचे हाल करणारा, मोठेपणी बेघर माणसांचे खून करणारा. काहींना विचारलं, हा माणूस शिक्षक असण्याची शक्यता जास्त, की शिक्षक आणि श्रद्धाळू असण्याची? इतरांना विचारलं, शिक्षक, की शिक्षक आणि नास्तिक? तर्कानं पाहिलं तर दोन्हीकडे पहिलंच उत्तर बरोबर, कारण दोन गोष्टी एकत्र असण्याची शक्यता एका गोष्टीपेक्षा जास्त असूच शकत नाही. तरी नास्तिक म्हटल्यावर ही चूक करणाऱ्यांचं प्रमाण श्रद्धाळू म्हटल्यापेक्षा सुमारे दुपटीनं वाढलं. खुनी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे नास्तिक आला. आणि ज्यांनी स्वतःला नास्तिक म्हणवलं होतं त्यांच्यातही हा कल सापडला. म्हणजे 'पण' लावणारे फक्त दुसरेच नाहीत. देव सोडलेल्या माणसाच्या मनातही देव नसलेल्याविषयीचा संशय राहून जातो. मला याचं नवल वाटत नाही. ज्या भाषेत आपण चांगलं-वाईट शिकलो तिच्यात पाप, पुण्य, पुण्याई, शाप, प्रायश्चित्त हे सगळे शब्द देव्हाऱ्याजवळून आलेले आहेत. श्रद्धा सोडता येते, आईच्या तोंडून शिकलेली भाषा सोडता येत नाही.

प्रत्यक्ष वागणुकीत काय दिसतं? डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता बायबलातली 'भला शोमरोनी' ही गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला उचलणाऱ्याची गोष्ट. त्यांच्या वाटेवर एक माणूस दारात वाकून, कण्हत, खोकत बसवलेला होता. सवडीनं निघालेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. उशीर झालाय असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के थांबले. डोक्यात कुठलं भाषण घोळत होतं, त्यानं म्हणावा असा फरक पडला नाही. ज्या गोष्टीवर बोलायला निघाले होते तीच गोष्ट वाटेत समोर आली, आणि काही जण तिला ओलांडून पुढे गेले.

हा प्रयोग धर्माविरुद्धचा पुरावा म्हणून वापरला जातो. तसा वापर मला पटत नाही. कांटसारख्या तत्त्वज्ञाचं नीतिशास्त्र शिकवणाऱ्यांना घाई असती तर ते थांबले असते, असं मानायला काहीही आधार नाही. बेल जे म्हणत होता तेच इथे दिसतं: माणूस काय मानतो आणि ऐन वेळी काय करतो यांच्यामधलं अंतर मोठं आहे, आणि ते दोन्ही बाजूंना सारखंच आहे. २०१४ च्या आणखी एका अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातल्या बाराशेहून अधिक लोकांना दिवसभरात मधूनमधून फोनवर विचारलं गेलं: गेल्या तासाभरात तुम्ही काही चांगलं किंवा वाईट केलंत का, तुमच्याशी कुणी केलं का? चांगली कृत्यं करण्याच्या प्रमाणात धार्मिक आणि निधर्मी लोकांत फरक सापडला नाही. ही लोकांनी स्वतःबद्दल दिलेली माहिती आहे, तेव्हा तिला जपूनच घ्यावं. पण 'पण' लावण्यासाठी मात्र ती काही आधार देत नाही.

कॅनडातच २००७ मध्ये शरीफ आणि नोरेंझायन यांनी जे मांडलं ते माझ्या जामिनाच्या विचाराला जवळचं आहे. देव, पवित्र असे शब्द नकळत मनात रुजवले की लोक अनोळखी माणसाला जास्त पैसे देतात असं त्यांना आढळलं. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट होती. न्यायालय, करार, पोलीस, नागरी अशा शब्दांनीही जवळजवळ तोच परिणाम झाला. मला हे इतकं पटलं की मी ते लोकांना सांगत फिरलो असतो. पुढे इतरांनी तोच प्रयोग मोठ्या संख्येवर करून पाहिला तेव्हा देवाच्या शब्दांचा परिणाम सापडला नाही, तेव्हा त्यावर इमारत उभारू नये. तरीही इतिहास तीच दिशा दाखवतो. जी कामं एके काळी देवाच्या नजरेवर सोपवलेली होती, ती माणसानं हळूहळू लेखापरीक्षकावर, साक्षीदारावर, नोंदवहीवर आणि न्यायाधीशावर सोपवली. आणि श्रद्धाळू माणसांनीही ती आनंदानं सोपवली. कुठल्याही देवस्थानाचे विश्वस्त दानपेटी उघडताना एकट्या भक्ताला आत पाठवत नाहीत.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की लेखक निधर्मी नीतीची बाजू जिंकून दाखवतो आहे. १९२७ चा एक खटला मला ते करू देत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात कॅरी बक नावाच्या तरुण मुलीला 'मतिमंद' ठरवून तिची नसबंदी करायची परवानगी सरकारनं मागितली. सुप्रजननशास्त्र तेव्हा प्रगतीचा मुकुटमणी होतं. विद्यापीठं, शास्त्रज्ञ, समाजसुधारक, सगळे त्याच्या मागे होते. समाज सुधारायचा तर दुबळ्यांची वंशवेल खुंटवा, असं उघडपणे, आकडेवारीसह शिकवलं जात होतं. सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं परवानगी दिली. निकाल लिहिणारे ऑलिव्हर वेंडेल होम्स हे त्या काळातले सर्वांत नावाजलेले, कसलीच भाबडी श्रद्धा नसलेले न्यायमूर्ती. तिन्ही पिढ्या (आई, कॅरी आणि तिची मुलगी) खुळ्या, आता पुरे, अशा अर्थाचं वाक्य त्यांनी निकालपत्रात लिहिलं. विरोधात गेलेला एकच न्यायमूर्ती होता, पीअर्स बटलर. तो कॅथलिक होता. कारणं त्यानं लिहिली नाहीत. तीन वर्षांनी पोपनं अशा सक्तीच्या नसबंदीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. अमेरिकेत अशा कायद्यांखाली एकूण ६० हजारांहून जास्त माणसांची नसबंदी झाली. कॅरी बक खुळी नव्हती, तिच्या मुलीची शाळेतली प्रगतीही चांगली होती, हे नंतर बाहेर आलं. पण ती खुळी असती तरी काय? या प्रश्नाचं उत्तर त्या वेळच्या सुशिक्षित लोकमताकडे नव्हतं. प्रत्येक देह देवानं घडवला आहे आणि म्हणून तो सरकारचा नाही, असं मानणाऱ्यांकडे ते होतं. मी त्यांचा देव मानत नाही. त्या खटल्यात मात्र मी बटलरच्या शेजारी उभा आहे.

उलटी उदाहरणं तर डोंगराएवढी आहेत. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन इथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या काही लोकांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला, बायबलाच्याच आधारानं. पुढची पावणेदोनशे वर्षं गुलामांचे मालकही आपली बाजू बायबलाच्याच आधारानं मांडत राहिले. एप्रिल १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते तेव्हा त्यांचं आंदोलन अवेळी आहे असं सांगणारं निवेदन आठ गोऱ्या धर्मगुरूंनीच काढलं होतं, आणि किंग यांनी तुरुंगातून उत्तर लिहिलं ते एका धर्मोपदेशकानं धर्मगुरूंना दिलेलं उत्तर होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला जो प्रचंड मोर्चा निघाला त्याचे प्रमुख होते फिलिप रँडॉल्फ, ज्यांनी पुढे १९७३ मध्ये निरीश्वर मानवतावादाच्या जाहीरनाम्यावर सही केली. त्या मोर्चात किंग आणि रँडॉल्फ यांना एकमेकांच्या चांगुलपणाला जामीन मागावा लागला नाही.

सॉक्रेटिसनं युथिफ्रोला विचारलेला जुना प्रश्न इथे आपोआप येतो: देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? मला वाटतं, श्रद्धाळू माणसं या प्रश्नाचं उत्तर रोज, न बोलता देत असतात. पोथीतलं कुठलं वचन मुलांना शिकवायचं आणि कुठलं पान उलटून पुढे जायचं, हे त्यांना कळतं. ते कळणं पोथीच्या आधीचं आहे. आणि कॅरी बकच्या काळातल्या विद्वानांजवळ नेमकं तेच उरलं नव्हतं.

वेगळ्या श्रद्धांच्या माणसांनी एकत्र बसून नीतीचा मसुदा लिहिण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न १९४७-४८ मध्ये झाला. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमावर संयुक्त राष्ट्रांच्या समितीत बराच वाद झाला. माणूस देवाच्या प्रतिमेनुसार घडवलेला आहे, असे शब्द घाला, अशी ब्राझीलची सूचना होती. दुसरीकडे, माणसाला बुद्धी आणि सदसद्विवेक 'निसर्गतः' मिळाले आहेत असे शब्द मूळ मसुद्यात होते. शेवटी दोन्ही गेले. देवही गेला आणि निसर्गही गेला. उरलं ते इतकंच, की सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि प्रतिष्ठेनं व हक्कांनी समान आहेत, त्यांना बुद्धी आणि सदसद्विवेक आहे आणि त्यांनी एकमेकांशी बंधुभावानं वागावं. 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल अशा इंग्रजी शब्दांच्या जागी 'सर्व मानव' यावेत म्हणून भारताच्या हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तो मान्य झाला. त्या काळात फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ जाक मारितँ यांनी या सहमतीविषयी सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे: हक्कांवर आमचं एकमत आहे, अट एवढीच, की का ते कुणी विचारू नये.

पुष्कळ जण या वाक्यावर हसतात. पायाच नसलेली इमारत, असं म्हणतात. मला त्यात फार मोठी सभ्यता दिसते. सहा कोटींच्या आसपास माणसं मारून नुकतंच युद्ध संपलेलं होतं. प्रत्येकानं आपला पाया घरी ठेवला आणि समोरच्याच्याही संमतीचा आदर केला. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मतदान झालं: बाजूनं ४८, विरोधात शून्य, तटस्थ ८. तटस्थ राहिलेल्यांची यादी पाहिली की आस्तिक-नास्तिक ही विभागणी किती तोकडी आहे ते कळतं. त्यात निरीश्वरवादी सोव्हिएत युनियन आणि त्याचे साथीदार होते, धर्मराज्य असलेला सौदी अरेबिया होता, आणि वर्णभेदाचा दक्षिण आफ्रिका होता. माणसाला समान म्हणताना ज्यांची जीभ अडखळली ते तिघं वेगवेगळ्या वाटांनी तिथे आलेले होते.

आणि एखाद्या धर्मानं घडवलेल्या समाजाचं मन आतूनच बदलतं तेव्हा? आयर्लंडमध्ये १९८३ साली घटनेत आठवी दुरुस्ती झाली आणि गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सविता हलप्पनवार ही मूळची बेळगावची, ३१ वर्षांची दंतवैद्य गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं. तिनं गर्भपात मागितला. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. हा कॅथलिक देश आहे, असं तिला सांगितलं गेल्याचं पुढे चौकशीत कबूल झालं. रक्तात जंतुसंसर्ग पसरून ती गेली. उपचारांतही चुका झाल्या होत्या, तेही चौकशीत आलं. त्यानंतर साडेपाच वर्षांनी, मे २०१८ मध्ये, सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी ती दुरुस्ती रद्द केली. २०१६ च्या जनगणनेत त्या देशातले ७८ टक्के लोक कॅथलिक म्हणून नोंदलेले होते. साधा हिशोब केला तरी दिसतं, की लाखो कॅथलिकांनी चर्चच्या विरुद्ध मत दिलं. त्यांनी धर्म सोडला असं मला वाटत नाही. एक ठरलेला नियम आणि एक मेलेली बाई यांना शेजारी ठेवून त्यांनी पाहिलं, आणि करुणेचं जे शिक्षण त्यांना त्याच चर्चमध्ये मिळालं होतं ते वापरलं. सर्वेक्षणातला 'देव हवाच का' हा प्रश्न अशा मतदाराला विचारला तर तो 'हो' म्हणेल की 'नाही', ते सांगता येत नाही. त्यानं काय केलं तेवढं सांगता येतं.

निधर्मी नीतीकडे एक गोष्ट कमी आहे आणि ती मला जाणवते. आमच्यातला एक मित्र गेला. आयुष्यभर निरीश्वरवादी. विधी नको, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. आम्ही सगळे जमलो आणि कुणालाच काय करावं कळेना. एकानं त्याच्या कामाबद्दल बोलायचा प्रयत्न केला, मध्येच आवाज गेला, मग सगळे गप्प बसले. श्रद्धाळू माणसांजवळ अशा वेळेसाठी शब्द असतात, ते पाठ असतात, आणि आवाज गेलेल्या माणसाला दुसरा कुणी ते पुढे म्हणून आधार देतो. क्षमा मागायचीही त्यांची ठरलेली जागा असते, ठरलेला दिवस असतो. आम्ही चूक केली तर वकिलाकडे किंवा समुपदेशकाकडे जातो. बरं वागण्यासाठी सराव लागतो, आणि सरावासाठी जागा लागते. न्यायालयं आणि नोंदवह्या वाईट वागण्याला आळा घालतात, चांगलं वागायची सवय लावत नाहीत. हे काम आमच्या बाजूनं अजून झालेलं नाही.

माझी एक मैत्रीण मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करते. ती अतिशय श्रद्धाळू आहे. असाध्य रुग्णाला स्वेच्छेनं मरण पत्करण्याची कायदेशीर मुभा असावी का, यावर आमचा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. नेदरलँड्समध्ये २००२ पासून असा कायदा आहे. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्षादेशाशिवाय मतदान झालं तेव्हा अशा विधेयकाच्या बाजूनं ३३० आणि विरोधात २७५ मतं पडली. मी मुभेच्या बाजूचा, ती विरोधातली. सुरुवातीला ती म्हणायची, "जीव त्यानं दिला, त्यानंच न्यावा." मी म्हणायचो की हे वाक्य माझ्यापर्यंत पोचत नाही, कारण मी त्याला ओळखत नाही. मग एकदा ती म्हणाली, "तू स्वेच्छा स्वेच्छा म्हणतोस ना, ती कुणाची असते ते मी रोज बघते. उत्तर द्यायच्या आधी पेशंट माझ्याकडे बघत नाही. मुलीच्या तोंडाकडे बघतो." हे माझ्यापर्यंत पोचलं. त्याला देव लागला नाही. पण देव मानणारी ती तिथे रोज हजर नसती, तर ते तिला दिसलंही नसतं.

मी तिला एका माणसाबद्दल विचारलं, ज्याच्या वेदना कुठल्याच औषधानं थांबत नव्हत्या आणि जो एकटा होता, ज्याच्या खाटेशेजारी बघायला कुणी मुलगी नव्हती. तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि तिनं ते लपवलं नाही. "मी प्रार्थना केली," एवढं म्हणाली. हे उत्तर नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी तिच्यावर ते दामटलं नाही.

हल्ली आम्ही कायदा हवा की नको यापेक्षा, झालाच तर त्यात काय असावं यावर जास्त बोलतो. रुग्णाशी नातेवाईकांना बाहेर पाठवून बोललं पाहिजे, एकदा नाही तर दिवसांचं अंतर ठेवून पुन्हा पुन्हा, आणि विचारणारा माणूस दर वेळी वेगळा हवा, ही कलमं तिनं सुचवली. मला ती सगळी मान्य आहेत. त्या आधी वेदनाशमनाची सोय प्रत्येकाला मिळालीच पाहिजे, ही अट मी घातली, ती तिला मान्य आहे. कायद्याला तिचा विरोध अजून तसाच आहे, आणि माझा पाठिंबाही.